तुझा एक निरोप राहिलाय

वनीच्या बापा,

तुझा फोन माझ्याकडे आहे. रोज सकाळी भाकरी टाकायच्या आधी मी तो चालू करते. पडदा उजळतो आणि एकच ओळ येते: सिम बंद आहे, पीयूके टाका. खाली आठ आकड्यांची रिकामी जागा. मी ती ओळ वाचते आणि फोन बंद करून मडक्यामागे ठेवते. शेजारची सोनी म्हणते, "कशाला त्या डबड्याला जीव लावतेस?" तिला कसं सांगू, मला तुझा फोन नकोच आहे. मला त्यावर वनीचा फोन यायला हवाय. आपली पोर भट्टीवर आहे, कुठल्या भट्टीवर ते ठाऊक नाही, आणि तिला तुझा एवढा एकच नंबर पाठ आहे. तू गेलास हे तिला अजून कळलेलं नाही.

तू गेलास तेव्हा वाल फुलला होता. आता शेंगा वाळल्या, काढायला झाल्यात. मी अजून शेतात गेले नाही.

तुला अरे-तुरे करते म्हणून शाळेतल्या बाई मला हसायच्या. मी तिथं पोरांची खिचडी शिजवते, तेव्हा चुलीपाशी येऊन बसायच्या. म्हणायच्या, नवऱ्याला अहो म्हणावं गं. एकदा घरी येऊन तुला "अहो" म्हटलं, तर तू मागं वळून बघितलंस, कोण पाहुणा आला म्हणून. आपल्यात नवऱ्याचा अहो होत नाही, लेकराचा बाप होतो. वनी झाली त्या दिवसापासून तू वनीचा बाप आणि मी वनीची आय. आता मी तुला त्याच नावानं हाक मारतेय आणि वनी तिकडून कुणाकुणाचे फोन मागून तुला नंबर लावत असेल.

दाभोसा ते जव्हार जीप मारताना तू माणसं वाहिलीस त्याहून जास्त निरोप वाहिलेस. "बुधीला सांग, नागली दळून झाली, घेऊन जा." "म्हाताऱ्या डोकरीला सांग, दवाखान्यातला डॉक्टर उद्या नाय." पाड्याच्या तोंडाशी जीप हळू करायचास, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडायचास आणि पुढं जायचास. माणूस भेटला नाही तर संध्याकाळी जेवायच्या आधी चालत निघायचास. मी ताट वाढून बसलेली. "निरोप रातभर ठेवला का आंबतो," म्हणायचास. मी चिडून म्हणायची, ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला. तू हसत चपला घालायचास. तुझ्या ताटावर मी झाकण ठेवायची ती मनातल्या मनात शिव्या देतच. आज त्या शिव्या परत घ्यायला मी तयार आहे, पण घेणार कोणाकडून.

या फोनला कुलूप तू त्या निरोपांपायीच लावलंस. फोन पुढं काचेपाशी पडलेला असायचा, ज्याला लागेल तो उचलायचा. मग कुणीतरी त्यातलं सिमच काढून नेलं. ते दुसऱ्याच्या फोनात हिंडलं आणि नंतर गुपचूप सीटखाली आणून टाकलं. बैल गेला नि झोपा केला, तसं तू जव्हारच्या स्टँडवर कुणाकडून तरी सिमला नंबर घालून घेतलास. फोन बंद करून चालू केला की तो नंबर टाकायचा, मगच फोन उघडणार. मी विचारलं, नंबर काय ठेवलास? तर म्हणालास, "किल्ली काय दाराला टांगून ठेवतात?"

"आणि तुला काही झालं तर?"

"मना काय होतं? मी आहा ना."

मी म्हटलं होतं, घरात एका माणसाला तरी सांगून ठेव. तू विषय बदललास, भाजीत मीठ कमी आहे म्हणालास. ते भांडण तिथंच राहिलं. त्यात मी बरोबर निघाले बघ. बरोबर निघून मला काय मिळालं?

दाभोशाच्या अलीकडच्या वळणावर तुझ्या छातीत कळ आली. तू जीप कडेला घेतलीस, ब्रेक ओढलास आणि मागच्यांना म्हणालास, "उतरा जरा." मागच्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फोन तेवढा खाली पडला आणि त्याची बॅटरी निघाली.

घर माणसांनी भरलं होतं. वनीला कळवायचं होतं, आणि तिला भट्टीवर नेणाऱ्या मुकादमाचा नंबर तुझ्या फोनातच होता. तुझ्या भावानं, रघूनं, बॅटरी बसवली. फोननं नंबर मागितला. मग जो तो शहाणा झाला. रघू म्हणाला, जीपच्या पाटीवरचाच असणार. तो नव्हता. कुणी म्हणालं, जन्मतारीख घाल. तुझी जन्मतारीख एक जून. रघूचीही एक जून, माझीही एक जून, अर्ध्या पाड्याची एक जून, कारण मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांची तीच लिहिली. तीही नव्हती. मी चुलीकडून ओरडले, थांबा रे, आता हात लावू नका. तोवर कुणीतरी "सगळ्यांचं एक-दोन-तीन-चार असतं" म्हणून तेही दाबलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सिम बंद झालं आणि ही आठ आकड्यांची ओळ आली.

सिम ज्या कार्डातून निघतं त्याच्यावर हे आठ आकडे छापलेले असतात म्हणे. ते कार्ड मला जीपच्या खणात सापडलं. मला क्षणभर वाटलं, तूच ठेवलंस माझ्यासाठी. पण त्या कार्डानं तू काचेवरचा चिखल खरवडायचास. आकड्यांच्या जागी पांढरं प्लास्टिक राहिलं होतं.

मग मी जव्हारला गेले, सिमच्या दुकानात. तिथं एक बाई बसते, ठाण्याकडची आहे, बोलायला चांगली. तिनं नंबर घालून बघितला आणि विचारलं, "हे सिम तुमच्या मिस्टरांच्या नावावर नाही. वनिता कोण?"

मला तेव्हा आठवलं. सिम घ्यायला आपण तिघं गेलो होतो. यंत्रानं तुझा अंगठा घेतला नव्हता. तू तो सदऱ्याला पुसलास, ओला केलास, दाबून धरलास, तरी यंत्र लालच. आधी खडी फोडून आणि मग गिअर ओढून तुझ्या अंगठ्यावर रेष उरली नव्हती. वनीनं पुढं होऊन आपला अंगठा टेकवला आणि म्हणाली, "बा, आथा फोन माझा. मी मागीन तवा द्यायचा." तू तिच्या डोक्यात टपली मारलीस. परत येताना तिघांनी स्टँडवर वडे खाल्ले.

"माझी मुलगी," मी त्या बाईला सांगितलं.

"मग सोपं आहे. मुलीला आधार कार्ड घेऊन पाठवा. अंगठा लावला की लगेच दुसरं सिम मिळेल, नंबर हाच."

"ती जगायला गेलीय."

"जगायला म्हणजे?"

आपल्या इथं लहान पोराला विचारलं तरी कळतं. दसरा-दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाडेच्या पाडे जगायला जातात आणि होळीला परत येतात. "कामाला," मी म्हटलं. "विटांच्या भट्टीवर."

"मग फोन करून बोलावून घ्या ना तिला."

मी तुझा फोन तिच्याकडे सरकवला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग काउंटरवरच्या तुझ्या फोनकडे, आणि तिला उमगलं. तिनं मला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ज्याच्या नावावर सिम आहे तो माणूस गेला असता ना, तर मृत्यूच्या दाखल्यावर काहीतरी करता आलं असतं." माझ्या पिशवीत दाखला होता, पण तो तुझा. सिमची मालकीण जिवंत आहे, जगायला गेलीय, म्हणून काही करता येत नाही. वनी आल्याशिवाय सिम उघडत नाही आणि सिम उघडल्याशिवाय वनी सापडत नाही. परत येताना मी जीपमध्ये मागं बसले. पुढं तुझ्या जागी बसलेल्याकडे मला बघवत नव्हतं.

रघूनं मग कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावून दिला. म्हणाला, "वैनी, तूच वनी हो. नाव सांग, पत्ता सांग, देतील आकडे." मी झाले वनी. आपल्याच पोरीचं नाव माझं म्हणून सांगितलं. तिकडचा माणूस अदबीनं बोलत होता. नाव जुळलं, पत्ता जुळला. मग त्यानं जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, एक जून. नाही जुळली. रघूनं खुणेनं सांगितलं, आधारवाल्यांनी एक जानेवारी घातलेली असते. मी ती सांगितली. दोन दोन तारखा ऐकून तो म्हणाला, "माफ करा मॅडम, माहिती जुळत नाही, दुकानात जाऊन भेटा."

मी तिला जन्म दिलाय रे. भाताची आवणी संपत आली होती. मी चिखलातून बांधावर आले आणि तुझी आय धावत आली. भिंतीला टेकून बसले तेव्हा बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि तू दारात मुसळ घेऊन उभा होतास, का ते तुलाही ठाऊक नव्हतं. मला त्या दिवसाचं सगळं आठवतं, फक्त तारीख आठवत नाही. कागदावर तिच्या तारखा दोन, आणि कुठं कोणती लागली आहे ते मला सांगता येत नाही. त्या माणसानं मला ऊन विचारलं असतं, चिखल विचारला असता, तर मी सांगितलं असतं. फोन ठेवल्यावर मी रडले. तू गेलास तेव्हा इतकी रडले नव्हते.

रघू भिवंडीकडे जाऊन आला. धुरांड्यांमागं धुरांडी, म्हणाला. प्रत्येक भट्टीवर आपल्याकडची माणसं आणि प्रत्येकजण सांगणार, ती पुढच्या भट्टीवर बघ. पाय सुजवून परत आला. त्याला मी बोलले नाही, पण मनात आलं, तू असतास तर शोधून काढली असतीस. मग तेही आलं की तू असतास तर शोधायची पाळीच कशाला आली असती.

तुझे दिवस घातले तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी विचारलं, लेक कुठं आहा? सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, जगायला गेली. पुन्हा कुणी विचारलं नाही. तिच्या वाटचं पाणी रघूच्या पोरीनं दिलं.

आता ती गोष्ट, जी तुझ्याशी मी नीट बोलले नाही. जाताना वनीनं आपल्या थोरलीला, चिमीला, शाळेतून काढलं, भट्टीवर धाकट्याला सांभाळायला. आपण दोघं जगायला गेलो त्या साली वनीची शाळा चौथीत अशीच सुटली होती. ते तुझ्या मनातून कधी गेलं नाही. नातीचा हात धरून तू रस्त्यात उभा राहिलास. म्हणालास, "हिला नेशील तर माझ्या जीपमध्ये बसायचं नाय. आणि मना फोन पण करायचा नाय." वनीही तुझीच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. दुसऱ्या जीपनं गेली. चिमी मागच्या बाकावरून हात हलवत होती आणि तू टायरला लाथ मारत होतास.

मग तो एक फोन आला. तू माळावरच्या खडकावर होतास, आपल्याकडे तेवढ्याच ठिकाणी रेंज येते. मी सरपण घेऊन येत होते. अनोळखी नंबर होता, म्हणजे वनीच. फोन वाजत राहिला आणि तू हातात धरून बघत राहिलास. मी म्हटलं, उचल. तू म्हणालास, "परत वाजला का उचलतो. एकदा वाजल्यावर उचलला तर तिला वाटंल, म्हातारा नरमला." तो परत वाजला नाही. दुसऱ्या दिवसापासून तू रोज दिवस मावळायला त्या खडकावर जाऊन बसू लागलास. विचारलं तर म्हणायचास, हवा खातो. मी तुला चिडवलं, थंडीत हवा कोण खातं? तू उलटून बोलला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं, तुला किती लागलंय ते.

हे वनीला कोण सांगणार? तू खडकावर बसायचास हे तिला मी सांगेन. पण बाप माझ्याशी बोलला का, असं तिनं विचारलं तर काय सांगू?

तिला नंबर पाठ करवलास तो दिवस आठवतो. लग्नानंतर ती पहिल्यांदा भट्टीवर निघाली होती. आकडे तिच्या डोक्यात राहीनात. मग तू अंगणात नाचाचे पाय टाकत एकेका पावलाला एकेक आकडा म्हटलास आणि ती तुझ्या मागं म्हणत नाचली. दहा आकड्यांचा एक फेर. मी दारात बसून हसून हसून पोट धरलं. मागच्या वर्षी तू पाहुण्यांना शिरपामाळ दाखवायला नेलंस आणि मला पुढं बसवलंस, तेव्हा वर पोचलो आणि तिचा फोन आला. तू तो माझ्या कानाला लावलास आणि तुझा कान मागून टेकवलास. पाहुणे दरीचे फोटो काढत होते. आपण दोघं एका फोनला डोकी चिकटवून उभे होतो आणि वनी तिकडून विचारत होती, "कोण बोलतं? आय का बा?" तसं उभं राहायला मिळालं, एवढं तरी तू मला दिलंस.

परवा देवजी आला, खालच्या पाड्याचा. तब्येत बिघडली म्हणून तो भट्टीचं काम सोडून परतलाय. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. जीपमधून उतरून घरी न जाता सरळ आपल्या अंगणात आला. निरोप ठेवून घ्यायचा नाही, हे तुझ्याकडूनच शिकलेला. अंगणातूनच ओरडला, "वनीचा बा आहा का? निरोप आहा." मी बाहेर आले. त्यानं माझ्या मोकळ्या हातांकडे बघितलं आणि अंगणातच खाली बसला.

मग म्हणाला, "वनी बाजारात भेटली व्हती. पोरं बरी आहात. पण म्हणली, मी सारखा फोन लावते, बा फोन बंदच ठेवतो. एवढा राग धरला."

म्हणजे तिला वाटतंय, तू रुसलायस. आपल्याकडे फोन लागला नाही तर माणूस रेंज नाही म्हणतो आणि सोडून देतो, वनीही तसंच समजेल असं मला वाटलं होतं. पण ती तसं समजली नाही. एवढे दिवस ती कुणाकुणापुढं हात पसरून फोन मागते, ते दहा आकडे दाबते आणि बापाचा राग ऐकते.

मी देवजीला हलवून विचारलं, कुठल्या भट्टीवर? तो म्हणाला, मालक दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरीकडं नेणार होता, कुठं ते तिलाच ठाऊक नव्हतं. मी आता रोज रस्त्यावर उभी राहते. तिकडं जाणाऱ्या प्रत्येक जीपला सांगते, वनी दिसली तर म्हणावं, आयनं लगेच बोलावलंय. यापुढचं मी कुणाजवळ देत नाही. बाप गेला हे तिनं कुठल्या तरी बाजारात, परक्याच्या तोंडून, कडेवर पोर आणि हातात पिशवी असताना ऐकावं, असं मला नको. असले निरोप तू स्वतः न्यायचास. जीप लांब उभी करायचास, चालत जायचास, आधी पाणी मागायचास आणि मग सांगायचास. ते मला जमत नाही.

होळीला ती येईल. अंगठा लावील आणि सिम उघडेल. तेव्हा त्याचा कुणाला काय उपयोग? ती जीपमधून उतरेल आणि पहिल्यांदा ड्रायव्हरच्या खिडकीत बघेल. तिथं दुसरंच कुणी असेल. त्यापुढचं मला दिसत नाही, आणि खरं सांगते, मला बघायचंही नाही. होळी उशिरा यावी असं मला जन्मात पहिल्यांदा वाटतंय.

देवजी उठताना म्हणाला, "वैनी, निरोप अजून सांगायचा आहा. पण तो त्याच्यासाठी व्हता." मी म्हटलं, माझ्याकडे दे. त्यानं दिला. तो मी परवापासून घेऊन बसलेय. दोन रात्री झाल्या. तू असतास तर मला जेवू दिलं नसतंस. म्हणून आज तुझ्या खडकावर आले. दिवस मावळतोय आणि जव्हारकडून एक जीप वर चढतेय. वनीनं सांगितलंय तसंच सांगते, एक शब्द इकडचा तिकडं करत नाही.

"बाला सांग, मी होळीला येते. चिमीला परत शाळेत घालते. तवा तरी माझ्याशी बोल म्हणावं."